मूर्तीच्या पोटात काय आहे?

सदर : दुकान आणि देव्हारा

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेच्या महापुराचे पाणी ओसरले आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी नदीकाठच्या गावांतील माणसे पुन्हा आष्ट्याच्या पेठेत दिसू लागली. कोणाला पातेली हवी होती, कोणाला हंडा, कोणाला केवळ तांब्या-पेल्याची जोडी. आमचे भांड्यांचे दुकान तीन पिढ्यांचे आहे. त्या दिवसांत गल्ल्यावर बसून विक्री करण्यापेक्षा समोरच्या माणसाचे ऐकून घेणे हेच मोठे काम होते. अशाच एका सकाळी काठावरच्या गावातील एक वृद्ध बाई दुकानाची पायरी चढून आल्या. हातात जुन्या लुगड्यात बांधलेले गाठोडे होते. ते त्यांनी काउंटरवर सोडले. आत लक्ष्मीची मूर्ती होती. बैठकीपासून कमरेपर्यंत उभी चीर गेली होती आणि त्या चिरेतून पांढरा, भुसभुशीत चुरा गळत होता.

“अण्णा, ही तुमच्याच दुकानातली. अकरा वर्षं झाली. आमच्या मालकांनी घेतली होती,” असे म्हणत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पावती पुढे केली. पावती माझ्याच अक्षरातील होती. तीवर लिहिले होते : पंचधातू मूर्ती, नग एक.

मूर्ती सहा दिवस पाण्यात होती. वरचे कवच पितळेचे, तेही पातळ ओतकामाचे. आत वजनासाठी प्लॅस्टर भरलेले. तळाच्या झाळलेल्या पत्र्यातून पाणी आत शिरले, प्लॅस्टर ओले होऊन फुगले आणि पितळ फाटले. पूर आला नसता तर हे कोणालाही कळले नसते. त्या बाईंनाही नाही आणि मलाही नाही.

“अक्का, आधी बसा. पैसे परत देतो,” मी म्हणालो.

“पैशासाठी आले नाही, अण्णा. मला एवढंच सांगा, अकरा वर्षं मी कशाची पूजा केली?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचा लेख त्या उत्तराच्या शोधातूनच लिहिला आहे.

मी ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून तो माल आणला होता त्याचे जुने बिल काढून पाहिले. त्यावर ‘ब्रास मूर्ती’ एवढेच होते. म्हणजे ‘पंचधातू’ हा शब्द त्याने लिहिला नव्हता. बोलताना सहज उच्चारला होता आणि मी तो पावतीवर उतरवला होता. मूर्ती भरीव आहे की पोकळ हे मी विचारले नव्हते, ग्राहकानेही विचारले नव्हते. तिघांपैकी कोणी उघड खोटे बोलले असे म्हणता येणार नाही. तरीही शेवटी खोटी वस्तू एका घराच्या देव्हाऱ्यात जाऊन बसली.

आपल्याकडे अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत शेवटचा आहे प्रतिरूपक व्यवहार. अस्सल मालासारखा दिसणारा हिणकस माल अस्सल म्हणून देणे, असा त्याचा सरळ अर्थ. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात तो खोट्या मापांच्या अतिचारालगतच येतो. लहानपणी पाठशाळेत हा शब्द पाठ केला होता. त्याचा अर्थ मात्र त्या फुटलेल्या मूर्तीपुढे उभे असताना कळला. माप खोटे नाही, भाव खोटा नाही, केवळ नाव खोटे. तरीही व्यवहार प्रतिरूपकच.

वस्तूच्या पोटात काय आहे हे तपासण्याची विद्या आपल्या समाजाला परकी नाही. दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या राजवटीत ठक्कर फेरू नावाचे जैन अधिकारी होते. खजिना आणि टांकसाळ यांच्या कामाशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्यांनी रत्नांवर, धातूंवर, वास्तू आणि मूर्तींवर, गणितावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. १३१८ मध्ये त्यांनी ‘द्रव्यपरीक्षा’ रचली. अडीचशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांत चांदी किती, तांबे किती, याचा हिशेब त्यात आहे, आणि हा ग्रंथ त्यांनी आपल्या भावासाठी व मुलासाठी लिहिला. घरातील पुढच्या पिढीला नाण्याचा दर्शनी चेहरा नव्हे, आतली धातू ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू. आजच्या मूर्तींच्या बाजारात हीच दृष्टी हवी आहे.

कारण हा बाजार आता फार विस्तारला आहे. देव्हाऱ्यातील मूर्ती, लग्नात द्यावयाची चांदीची भेट, दिवाणखान्यातील शोभेचा पुतळा, आणि नव्या पिढीच्या कपाटातील परदेशी पात्रांचे महागडे पुतळे, या सर्वांचे साहित्य वेगवेगळे, पण घेणाऱ्याची शंका एकच : मी ज्याचे पैसे दिले तेच यात आहे का? एकेक प्रकार पाहू.

पंचधातू आणि अष्टधातू. पंचधातू म्हणजे अमुक धातू अमुक टक्के, असे एकच सर्वमान्य प्रमाण व्यवहारात नाही. तांबे मुख्य, त्यात जस्त, कथील किंवा शिसे, आणि परंपरेने सोने-चांदीचा अंश, असे साधारण मानले जाते. बाजारात ‘पंचधातू’ म्हणून मिळणारे बहुतेक नग प्रत्यक्षात पितळेचे, म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाचे असतात. पितळ ही हलकी वस्तू नव्हे. पितळेला पितळ म्हणून विकले तर त्यात कमीपणा कसला? कमीपणा नाव बदलण्यात आहे.

दुसरा प्रश्न भरीव आणि पोकळ यांचा. मेणाचा साचा करून धातू ओतण्याची रीत आपल्याकडे प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ती सविस्तर सांगितलेली असून, मेण तोलून त्यावरून किती धातू लागेल हे ठरवावे असेही त्यात आहे. तमिळनाडूतील स्वामीमलईचे कारागीर आजही याच रीतीने भरीव मूर्ती ओततात. पोकळ ओतकाम हीदेखील जुनीच आणि प्रामाणिक कला आहे. मोठा पुतळा भरीव ओतला तर तो अवजड आणि महाग होईल. मात्र पोकळीत प्लॅस्टर, सिमेंट, वाळू किंवा लाख भरून ती मूर्ती वजनावर विकणे हा निराळा प्रकार आहे. ग्राहक पितळेचा भाव देतो आणि प्लॅस्टर घरी नेतो.

लाखेविषयी आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट अधिक. लाख हा किड्यांचा स्राव आहे आणि तो काढताना असंख्य जीव जातात. पोकळ चांदीच्या दागिन्यांत आणि मूर्तींत आधारासाठी लाख भरण्याची पद्धत जुनी आहे. जे कुटुंब रेशीम वापरताना विचार करते त्याने मूर्ती घेताना ‘आत लाख आहे का’ हे विचारण्यात संकोच का करावा?

चांदी. हुपरी आपल्यापासून दूर नाही. तेथील चांदीच्या कामाशी आपल्या कित्येक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. ‘टंच किती?’ हा प्रश्न तेथे लहान मुलालाही समजतो. तरीही गेल्या काही वर्षांत लग्नसमारंभातून ज्या चकचकीत चांदीच्या मूर्ती भेट म्हणून दिल्या जातात त्यांनी जाणत्यांनाही फसवले आहे. डबीवर ‘९९९’ असे छापलेले असते, आणि गंमत अशी की ते असत्य नसते. रेझिनच्या मूर्तीवर विजेच्या साहाय्याने शुद्ध चांदीचा पातळ थर चढवलेला असतो. थर खरोखरच ९९९ टंचाचा असतो. मात्र तो केवळ थर असतो. आमच्या नात्यातील एका घरी अशी सहाशे ग्रॅमची मूर्ती अडचणीच्या वेळी मोडीत घालण्याची पाळी आली. सराफाने थर उतरवून तोलला, तेव्हा चांदी जेमतेम सहा ग्रॅम भरली. बाकी सारे रेझिन. घरातील सून म्हणाली, “मामंजी, आपण याच्या भरवशावर होतो.” भेट देणाऱ्याला हे ठाऊक नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकतो.

म्हणून चांदी घेताना टंचाच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा : निव्वळ चांदी किती ग्रॅम? वजनावर विकली जाणारी चांदी आणि नगावर विकली जाणारी चांदी यांतला भेद येथेच उघड होतो. ज्या वस्तूचा भाव केवळ नगावर सांगितला जातो, तिच्या पोटाची चौकशी करावीच. चांदीला हॉलमार्क आजही ऐच्छिक आहे. सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या नगाला सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांकही मिळू लागला आहे. भेट मोठी असेल तर तो क्रमांक मागावा.

संगमरवर. राजस्थानातील मकराण्याचा संगमरवर ताजमहालाला लागला, हे सर्वांना माहीत असते. २०१९ मध्ये या दगडाला जागतिक वारसा-शिला म्हणून आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय संघटनेची मान्यता मिळाली. अबूच्या देलवाडा मंदिरातील दगड मात्र अंबाजीजवळच्या आरासुर डोंगरातला. आपल्या भागातील वाचकांना संगमरवर म्हटले की कुंभोजच्या बाहुबली डोंगरावरील २८ फूट उंचीची, १९६३ मध्ये उभी राहिलेली मूर्ती आठवेल. श्रवणबेळगोळची ५७ फुटी मूर्ती ग्रॅनाइटची. ती डोंगराच्या माथ्यावरच्या खडकातच कोरलेली. दगड वेगळा, त्याचा स्वभाव वेगळा. ग्रॅनाइट ऊन-पावसाला अधिक काळ तोंड देतो. संगमरवर कोमल आणि उजळ, परंतु मुळात चुन्याचा दगड असल्याने आंबट पदार्थांनी झिजतो.

बाजारात आज ‘मार्बल डस्ट’ नावाचा तिसरा प्रकार आहे. संगमरवराची भुकटी रेझिनमध्ये कालवून साच्यात ओतली की हुबेहूब संगमरवरी दिसणारी मूर्ती तयार होते. हातात घेतली की जडही लागते. अशा दहा मूर्ती ओळीने ठेवल्या तर दहांच्या ओठांचे वळण तंतोतंत एक असते, कारण साचा एक असतो. छिन्नीने घडवलेल्या दोन मूर्ती कधीही इतक्या सारख्या नसतात. खऱ्या दगडात शिरा खोलवर जातात, नकलेत त्या पृष्ठभागावरच थांबतात. तळ पाहावा. तळाला बुडबुड्यांची बारीक छिद्रे किंवा साच्याची कड दिसली तर समजावे. लिंबाचा रस टाकून पाहा, तापलेली सुई टोचून पाहा, असे सल्ले कोणी देतात. ते ऐकू नयेत. पहिल्याने खरा संगमरवर डागाळतो, दुसऱ्याने मूर्ती कायमची विद्रूप होते. भुकटीच्या नकलेवरही आंबट पदार्थ फसफसू शकतो, म्हणजे परीक्षाही निरर्थकच.

रेझिन आणि नव्या पिढीचा संग्रह. माझा पुतण्या पुण्यात संगणक कंपनीत नोकरी करतो. त्याला परदेशी चित्रपटांतील पात्रांचे पुतळे जमवण्याचा छंद आहे. गेल्या दिवाळीत त्याच्या घरी गेलो तेव्हा काचेच्या कपाटात वीस-बावीस पुतळे दिव्यांखाली उभे होते. एकाची किंमत त्याने सत्तर हजार सांगितली. माझा चेहरा पाहून म्हणाला, “काका, हा मर्यादित आवृत्तीतला नग आहे. जगात मोजकेच आहेत. आणि हा पॉलिस्टोनचा आहे.”

मी विचारले, “पॉलिस्टोन म्हणजे कोणता दगड?”

तो थोडा घुटमळला. पॉलिस्टोन हा दगडच नव्हे. रेझिनमध्ये दगडाची भुकटी मिसळून केलेले ते ओतकाम, म्हणजे आपल्या मार्बल डस्टचेच भावंड. ‘कोल्ड कास्ट ब्राँझ’ असे भारदस्त नाव असलेला पुतळाही ब्राँझ वितळवून ओतलेला नसतो. रेझिनमध्ये ब्राँझची भुकटी असते, तीही बहुधा वरच्या थरापुरती. हे सारे पेटीवर लिहिलेले असते, म्हणून ती फसवणूक नव्हे. परंतु नाव कानाला दगडासारखे आणि काशासारखे लागावे अशी योजना त्यात आहे, हे मान्य करावे लागेल.

पुतण्याची खरी चिंता मला नंतर कळली. एका पुतळ्याचा पांढरा झगा पिवळसर होऊ लागला होता, एका मऊ प्लॅस्टिकच्या पुतळ्याला चिकट ओल सुटत होती आणि एक पुतळा घोट्यातून हळूहळू पुढे झुकत होता. या तिन्हींची कारणे साहित्यातच आहेत. रेझिन उन्हातील अतिनील किरणांनी पिवळे पडते. मऊ पीव्हीसीमध्ये लवचीकपणासाठी मिसळलेले तेलकट द्रव्य काळाने बाहेर येते, विशेषतः बंद पेटीत आणि उष्णतेत. आणि वरच्या अंगाचा भार दोन बारीक घोट्यांवर असेल तर उन्हाळ्यात प्लॅस्टिक वाकते. मी त्याला खिडकीसमोरचे कपाट हलवायला, उष्ण दिवे काढून थंड एलईडी लावायला आणि कपाटाला हवा खेळती ठेवायला सांगितले. घरोघरच्या वडिलधाऱ्यांना सांगावेसे वाटते की या छंदाला हसू नये. मुलगा ज्याचे पैसे देतो आहे ते शिल्पकाराचे कौशल्य, रंगकाम आणि दुर्मिळपणा आहे. मात्र मुलांनीही समजून घ्यावे की त्यात साहित्याचे मोल जवळपास शून्य आहे. पितळेचा तुटलेला हात मोडीत जातो. रेझिनचा तुटलेला हात कचऱ्यात.

रेझिनची मूर्ती घेणे हे पाप नाही. पन्नास रुपयांची असो वा पन्नास हजारांची, घेणाऱ्याला ती रेझिनची आहे हे माहीत असले की व्यवहार स्वच्छ. लपवलेले रेझिन हा दोष आहे.

आता परीक्षेविषयी. आपण व्यापारी, तराजू आपल्या घरात असतोच. भरीव धातूची मूर्ती ओळखण्याचा एक निरुपद्रवी उपाय आहे. मूर्ती प्रथम कोरडी तोलावी. मग डिजिटल काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. दोऱ्याने मूर्ती पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही अशी धरावी. काट्यावर जे ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर त्या मूर्तीचे आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागावे. समजा मूर्ती ८४० ग्रॅमची आहे आणि काटा १०० दाखवतो, तर उत्तर ८.४. हे पितळेचे लक्षण. शुद्ध चांदीचे उत्तर १०.५ च्या आसपास येते, तांब्याचे ८.९, जस्ताचे ७.१, संगमरवराचे २.७. तीच ८४० ग्रॅमची पितळी मूर्ती काट्यावर २४० दाखवत असेल तर उत्तर ३.५ येते, याचा अर्थ आत पोकळी आहे किंवा दुसरेच काही भरलेले आहे. अॅल्युमिनियमचे उत्तरही २.७ च येते, म्हणून आकडा आणि डोळा दोन्ही वापरावेत. रंगवलेल्या, लाकडी, जुन्या किंवा तळाला छिद्र असलेल्या मूर्तीवर हा प्रयोग करू नये.

सराफाकडील एक्स-रे यंत्र उपयोगी आहे, परंतु ते मुख्यतः पृष्ठभाग पाहते. मुलामा दिलेल्या वस्तूवर ते मुलाम्याचीच धातू सांगेल. यंत्राने ‘चांदी’ म्हटले म्हणून सारी मूर्ती चांदीची ठरत नाही.

याहून सोपी परीक्षा आपल्या रोजच्या कागदात आहे, आणि ती व्यापारी असूनही आपण वापरत नाही. जीएसटीच्या बिलावर मालाचा एचएसएन क्रमांक असतो. धातूच्या शोभेच्या मूर्ती ८३०६ खाली येतात, घडवलेला दगड ६८०२ खाली, कृत्रिम दगड ६८१० खाली, प्लॅस्टिकच्या मूर्ती ३९२६ खाली, चिनी मातीच्या ६९१३ खाली, लाकडाच्या ४४२० खाली आणि सोन्या-चांदीच्या वस्तू ७११४ खाली. विक्रेता तोंडाने ‘मकराणा’ म्हणत असेल आणि बिलावर ३९२६ असेल, तर बिलावर विश्वास ठेवावा. लहान दुकानदार किरकोळ ग्राहकाच्या बिलावर हा क्रमांक छापत नसेलही. तो मागण्याचा संकोच करू नये. २००८ मध्ये मी माझ्या घाऊक बिलातील ‘ब्रास’ हा एक शब्द नीट वाचला असता, तर त्या पावतीवर ‘पंचधातू’ लिहिले नसते.

मौल्यवान मूर्ती घेण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत :

१. मुख्य साहित्य कोणते? ‘पंचधातू’ असे मोघम उत्तर न घेता पितळ, कांस्य की तांबे, ते स्पष्ट विचारावे.
२. भरीव की पोकळ? पोकळ असल्यास आत काय भरले आहे?
३. वरचा थर आणि आतली वस्तू एकच आहे की मुलामा आहे?
४. चांदी-सोने असल्यास निव्वळ वजन किती आणि टंच किती?
५. साच्यातून काढलेली की हाताने घडवलेली?

लेखी वर्णन खोटे निघाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण कागदावर ‘मूर्ती, नग एक’ एवढेच असेल तर तक्रारीला धरायला आधार उरत नाही.

ज्यांच्या घरी पूर्वजांच्या मूर्ती आहेत त्यांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली जपणुकीची. जुन्या ब्राँझवरील काळसर किंवा हिरवट झाक ही मळ नव्हे, तो धातूचा संरक्षक थर आहे. चिंच, राख किंवा बाजारातील पावडर लावून ती घासू नये; घासताना चेहऱ्याच्या रेषा आणि मागचा लेख दोन्ही पुसट होतात. मात्र फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उठू लागले तर तो धातूचा आजार आहे. मूर्ती कोरड्या जागी ठेवून जाणकाराला दाखवावी. दगडही अमर नसतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचे २०१५ मध्ये आणि पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीचे २०२० मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांना रासायनिक संवर्धन करावे लागले. याउलट कोल्हापूरच्याच ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती पाहा. रोमन जगाशी असलेल्या व्यापाराची ती खूण शतकानुशतके मातीत राहूनही टिकली आणि आज टाउन हॉल संग्रहालयात आहे. चांगले ओतकाम किती काळ साथ देते, ते पाहण्यासाठी मुलांना एकदा तेथे न्यावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिची नोंदणी करावी लागते आणि ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतील मुलाच्या घरासाठी आजीच्या देव्हाऱ्यातील मूर्ती सामानात टाकण्यापूर्वी हे आठवावे. हस्तिदंताचा व्यापार १९८६ आणि १९९१ मधील कायदादुरुस्त्यांनंतर पूर्ण बंद आहे. घरात वारशाने आलेली हस्तिदंती वस्तू असेल तर तिच्या मालकीच्या प्रमाणपत्राविषयी वनखात्याकडे चौकशी करावी. ती विकू नये आणि नवी तर घेऊच नये. ज्या वस्तूसाठी हत्तीचा जीव गेला ती आपल्या घराची शोभा कशी ठरेल?

आपले पूर्वज मूर्तीची ओळख मूर्तीवरच लिहीत. बडोद्याजवळ अकोटा येथे १९५१ मध्ये सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींपैकी जीवंतस्वामींच्या एका मूर्तीवर नागेश्वरी या श्राविकेने ती दान केल्याचे कोरलेले आहे. संवत १५४८ मध्ये जीवराज पापडीवाल यांनी प्रतिष्ठित करविलेल्या संगमरवरी मूर्ती देशभरच्या मंदिरांत पोहोचल्या. लेखांमुळेच त्या आजही ओळखता येतात. आपणही घरातील प्रत्येक मोलाच्या मूर्तीसाठी एक चिठ्ठी करावी : कोठून घेतली, केव्हा, कोणी, साहित्य कोणते, वजन किती. पावतीसह ती एका पाकिटात ठेवावी. पुढच्या पिढीला वस्तूबरोबर तिचे सत्यही मिळावे.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळतो. अकरा वर्षं त्यांनी कशाची पूजा केली? पुष्कळ विचारानंतर मला वाटते की त्यांच्या पूजेत काहीच उणे नव्हते. पूजा पितळेची नसते आणि प्लॅस्टरचीही नसते. तिची श्रद्धा तिच्यापाशी पूर्ण होती. मात्र हे समाधान ग्राहकाचे आहे, व्यापाऱ्याला ते वापरण्याचा अधिकार नाही. ‘भाव शुद्ध असला की झाले’ असे गल्ल्यावर बसलेल्या माणसाने म्हणू नये. त्याचा भाव पावतीवर दिसला पाहिजे.

त्या दिवशी अक्कांनी पैसे घेतले नाहीत. फुटलेल्या मूर्तीच्या बदल्यात मी त्यांना एक लहान, भरीव मूर्ती दिली. ती त्यांच्यासमोर पाण्यात तोलून दाखवली. पावतीवर लिहिले : पितळ, भरीव, वजन ६२० ग्रॅम. त्यांनी ती पावती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, घडी करून त्याच पिशवीत ठेवली आणि उठताना म्हणाल्या, “पितळ तर पितळ. बरं झालं, अण्णा, आता ठाऊक आहे.”

तेव्हापासून आमच्या दुकानातील मूर्तींवर ‘पंचधातू’ ही चिठ्ठी नाही. विक्री पहिल्या वर्षी थोडी घटली, हे लपवत नाही. आपल्या वाचकांपैकी जे या व्यवसायात आहेत त्यांना नम्र विनंती की आपापल्या शेल्फवरील चिठ्ठ्या एकदा वाचून पाहाव्यात आणि घाऊक बिलांशी ताडून घ्याव्यात. पुढील अंकात तांब्या-पितळेच्या जुन्या भांड्यांच्या कल्हईविषयी लिहिण्याचा विचार आहे.